अकरा मिलिग्रॅम प्लॅटिनम आणि माझे अंगवस्त्र

तंजावूर,
शुक्रवार

तीर्थस्वरूप वसुमतीअक्का हिच्या पायांवर डोके ठेवून धाकटा भाऊ राममूर्ती लिहितो की, इकडे सर्व ठीक आहे. राजलक्ष्मीची सर्दी उतरली. माझी साखर डॉक्टरांच्या मते जास्त आणि माझ्या मते बेताची आहे. मागच्या खेपेस दिलेले तेल तुझ्या गुडघ्यांना लागू पडले की नाही ते कळव. (लागू पडले नसेल तर मला कळव, राजलक्ष्मीला नको, तेल तिच्या माहेरचे आहे.) ओरत्तनाडूला ऊन कडक असेल, तेव्हा भर दुपारी धर्मशाळेच्या छत्रापर्यंत चालत जायची तुझी सवय आता पुरे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हेडमास्तरीणबाईंना रस्त्यात घेरी आली असे पेपरात आलेले आम्हाला चालणार नाही.

फोन सोडून पत्र का, असे तू विचारशील. फोनवर बोलताना राजलक्ष्मी शेजारी उभी असते आणि माझी वाक्ये तीच पुरी करते. शिवाय या घरात देवनागरी वाचता येणारा आता मी एकटाच उरलो आहे. आपल्या भावाची मुलगी कीर्तना मराठी झकास बोलते, पण वाचायला दिले की बुचकळ्यात पडते. त्यामुळे तुला लिहिलेले पत्र टेबलावर उघडे टाकले तरी कुलपात असल्यासारखेच असते.

तर कीर्तनाचीच हकिगत आहे. ती गावाबाहेरच्या कॉलेजात रसायनाची प्रयोगशाळा चालवते हे तुला माहीत आहेच. दोन वर्षांपासून तिथे वापरून टाकलेल्या फ्युएल सेलमधून प्लॅटिनम परत काढायचे काम चालले आहे. एका कंपनीने मोबाइल टॉवरवरची अशाच सेलची एक जुनी पेटी नमुन्यादाखल पाठवली. यातले प्लॅटिनम नीट निघाले आणि नीट मोजले गेले तर अशा पाचशे पेट्या पाठवू, नाहीतर परदेशी पाठवू, असे त्यांचे म्हणणे. अट एकच होती: शेवटचे वजन होईल तेव्हा मौल्यवान धातूंची पारख असलेला, कॉलेजबाहेरचा एक साक्षीदार हजर पाहिजे. कीर्तनाला माझी आठवण झाली. अडतीस वर्षे बँकेत तारण दागिन्यांची पारख केलेला माणूस घरातच असताना बाहेर कुठे शोधायचा? मला म्हणाली, "काका, तुम्ही नुसतं बसायचं, बघायचं आणि सही करायची." अक्का, हे तिसरे काम मी आयुष्यभर केले आहे. पहिली दोन मला जमत नाहीत हे तिला कोणीतरी आधी सांगायला हवे होते. (तू सांगू शकली असतीस.)

मी नवी वेष्टी नेसून, जरीकाठाचे लग्नातले अंगवस्त्र खांद्यावर टाकून आणि कपाळभर विभूती लावून टाऊन बसने गेलो. पिशवीत सोने घासून पारखायची बाबांची कसोटी आणि आम्लाची छोटी बाटली होती. कोणी मागितली नव्हती, पण वैद्य बटवा विसरून घराबाहेर पडत नाही. दारातच कीर्तनाची सहकारी हरिता भेटली. तुमच्याच ओरत्तनाडूची, अठ्ठावीस वर्षांची, हळू आवाजात बोलणारी. प्लॅटिनम काढायचे सगळे काम तिने एकटीने केलेले. तिने मला खुर्ची दिली, काप्पी दिली आणि ती पेटी काय होती ते समजावून सांगितले. ते ऐकता ऐकता काप्पी गार झाली, यावरून काय ते समज.

त्या पेटीत काही जळत नाही, काही फिरत नाही, आवाज नाही, धूर नाही. एका बाजूने हायड्रोजन आत जातो, दुसऱ्या बाजूने साधी हवा. मध्ये एक पातळ पापुद्रा आणि त्यावर प्लॅटिनम मिसळलेला काळा थर. दोन वायू त्या पापुद्र्यापाशी भेटतात, वीज निघते आणि खाली स्वच्छ पाणी ठिबकते. बस्स. टॉवरची वीज गेली की हजारो लोकांची बोलणी त्या पापुद्र्यावर तगून राहायची. मी विचारले, यात प्लॅटिनमचे काय काम? हरिता म्हणाली, "ते काहीच करत नाही सार. भेट घडवून आणतं आणि बाजूला होतं. स्वतः खर्च होत नाही." मी थक्क झालो. आपल्या जातीत लग्ने जमवणारे रामस्वामीमामा होते, तेसुद्धा प्रत्येक लग्नात थोडेबहुत खर्च व्हायचे.

मग तिने पापुद्रा हातात दिला. अक्का, करपलेला अप्पळम पापड दिसतो तसा. माझ्यापुढे असला काळा तुकडा कोणी तारण म्हणून ठेवला असता तर मी शिपायाला बोलावले असते. असे दहा पापुद्रे स्पिरिट आणि पाण्यात भिजवून त्यांचा काळा थर सोडवायचा (पापुद्रा सरळ जाळला तर विषारी वाफ निघते, म्हणून ही खटपट), तो गाळायचा, त्यातला कोळसा हळूहळू जाळायचा आणि उरेल ते अम्लराजात, म्हणजे सोनेही पचवणाऱ्या आम्लात, विरघळवायचे. अम्लराज हे नाव ऐकले आणि परक्या गावी ओळखीचा चेहरा दिसावा तसे झाले. पुढे तिने मला दाखवण्यापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या द्रावात नवसागर टाकला. नवसागर, अक्का. बाबांच्या सोनारकीच्या दुकानात डाग देताना लागायचा तोच. टाकल्याबरोबर त्या पाण्यातून पिवळा-केशरी गाळ उतरू लागला, चंदनाच्या पाण्यात कोणी केशर सोडत आहे असा. तो भट्टीत तापवला की मागे राहते प्लॅटिनम. मी चकाकणारा मणी दिसेल म्हणून वाकलो. आधीच तयार ठेवलेल्या बशीत होता राखाडी, भुसभुशीत चुरा, अंगठ्याच्या नखावर मावेल एवढा. "हेच?" मी विचारले. ती म्हणाली, "हेच सार." सहा महिन्यांचे तिचे काम त्या बशीत होते आणि ती त्याच्याकडे नुसती बघत होती.

आता तराजू. माझा बँकेतला तराजू काचेच्या पेटीत असे आणि मला त्याचा फार अभिमान होता. यांचा तराजू निराळ्या खोलीत, दगडी ओट्यावर राहतो आणि मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवतो. मी दारातून आत पाऊल टाकले आणि आकडा हलला. मागे सरलो, आकडा जागेवर. पुन्हा पुढे, पुन्हा हलला. हरिताने अदबीने सांगितले की तराजूला तुमच्या अंगाची ऊब लागते, श्वास लागतो आणि पंख्याचा वारा तर सोसतच नाही. पंखा बंद झाला. मग विभूती पुसावी लागली, कारण बोलताना माझ्या कपाळावरून राख झडत होती आणि ती बशीत पडली असती तर तिचेही वजन झाले असते. अडतीस वर्षे मी लोकांचे दागिने तोलले. त्या दिवशी प्रथमच तराजूने मला तोलले. मी भिंतीला पाठ लावून, श्वास धरून उभा राहिलो. हरिताने सकाळचे पहिले वजन घेतले आणि वहीत लिहिले: नऊशे एक्केचाळीस दशांश दोन मिलिग्रॅम. आठ ग्रॅमच्या एका पवनाचा जेमतेम आठवा हिस्सा. पण तो आकडा पाहताना माझ्या अंगावर काटा आला. बृहदीश्वराच्या शिखराकडे मान वर करून बघताना येतो, तसाच हा होता, फक्त मान खाली होती.

नंतर जे झाले ते सांगताना हात जड होतो. कंपनीचा माणूस, भरद्वाज नावाचा, दुपारी येणार होता आणि त्याच्यासमोर दुसरे वजन व्हायचे होते. त्याची गाडी फाटकाशी आली म्हणून हरिता त्याला आणायला गेली. बशी, मी आणि माझी पिशवी एवढेच खोलीत उरलो. मी साक्षीदार, माझ्यावर अविश्वास कोण दाखवणार? आणि माझे डोळे मला सांगत होते की हा भुसा धातू नाही. मी कसोटी काढली. चिमटीत किंचित, अगदी किंचित चुरा घेतला आणि दगडावर घासला. राखाडी रेघ उठली. तिच्यावर आम्लाचा थेंब सोडला. पितळ असते तर फसफसून हिरवे झाले असते, चांदी असती तर विरली असती. रेघ तिथेच. दुसरा थेंब. तिथेच. अक्का, मी खिडकीशी उभा राहून त्या रेघेकडे बघत राहिलो. करपलेल्या अप्पळमातून निघालेली ती वस्तू माझ्या आम्लाला ओळखही दाखवत नव्हती. मग पावले वाजली, आणि मी दगड अंगवस्त्राच्या टोकाने पुसून पिशवीत टाकला.

भरद्वाज चष्मा लावणारा, अत्यंत सभ्य माणूस आहे. त्याने बशी ठेवलेली पाहिली, आकडा पाहिला, वहीतला आकडा पाहिला. नऊशे तीस दशांश एक. अकरा मिलिग्रॅम कमी. त्याने आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाला, "दोन वजने जुळत नाहीत. जुळेपर्यंत मी सही करणार नाही." अकरा मिलिग्रॅम म्हणजे, मी मनात म्हटले, आमच्या बँकेत एवढे तर फुंकरीने उडायचे. पण इथे फुंकरीचाही हिशेब होता. हरिताने तराजू ब्रशने झाडला, ठरावीक वजने ठेवून तपासला. तराजू बरोबर. पुन्हा झाडला. तिसऱ्यांदा झाडून तिने ओट्याखालीही वाकून बघितले. पहिले वजन तिने घेतले होते, लिहिले तिने होते, बशी तिच्या ताब्यात होती. त्यांच्यामागून आलेल्या कीर्तनाने फक्त विचारले, "आकडा नीट वाचला होतास ना?" मी भिंतीपाशीच उभा होतो आणि या वेळी श्वास धरायला मला कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन कीर्तनाला सगळे सांगितले. ती रागावेल म्हणून उत्तरे तयार करून गेलो होतो. (मी वयाने मोठा आहे, धातूची खात्री करणे हा साक्षीदाराचा धर्म आहे, वगैरे.) तिने एकही उत्तर वापरू दिले नाही. लगेच म्हणाली, "दगड कुठे आहे? आणि अंगवस्त्र धुतलंत का?" सुदैवाने ते अजून साबणात पडले नव्हते. मी घरी फोन करून राजलक्ष्मीला सांगितले की माझे जरीकाठी अंगवस्त्र तसेच घेऊन रिक्षाने कॉलेजात ये, आणि वाटेत झटकू नको. तिने विचारले, "तुम्ही पडलात का?" मी म्हटले, हो, एका अर्थी.

राजलक्ष्मीच्या देखत कीर्तनाने कात्री घेतली. ज्या टोकाने दगड पुसला ते टोक जरीसकट कापले. मग दुसरेही कापले. राजलक्ष्मी म्हणाली, "अय्यो, त्याने काय केलंय?" कीर्तनाने समजावले की काकू, त्याने काही केलं नाही हेच सिद्ध करायचं आहे; न पुसलेल्या टोकात प्लॅटिनम शून्य निघालं तरच पुसलेल्या टोकातलं खरं मानता येईल. तर एक टोक दोषी म्हणून जळाले आणि दुसरे निर्दोष म्हणून जळाले. दोघांची राख निरनिराळ्या भांड्यांत अम्लराजात गेली. बाबांच्या कसोटीला कीर्तनाने कोमट अम्लराजाने आंघोळ घातली, देवाला घालावी तशी, हळूहळू, आणि एक थेंबही बाहेर पडू दिला नाही. (दगडाला अम्लराजाने काही होत नाही. मला झाले.) हरिता त्या दिवशी नव्हती. सुट्टी घेतली आहे असे कीर्तना म्हणाली.

त्यानंतर मी जे पाहिले ते तुला कसे सांगू ते समजत नाही. एक यंत्र आहे, आपल्या धान्याच्या कणगीएवढे. त्याच्या पोटात एक ज्वाळा आहे आणि ती सूर्याच्या पृष्ठभागाहून तापलेली असते. मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा कीर्तना हो म्हणाली. काळ्या काचेतून बघायचे, निळसर-जांभळी दिसते. तिच्यात त्या द्रावाचे तुषार सोडायचे. तिथे प्रत्येक धातू आपापला प्रकाश टाकतो, कोणाचा प्रकाश कोणासारखा नसतो, आणि यंत्र तो वेगळा काढून किती आहे ते सांगते. घागरभर पाण्यात मिठाचा एक कण टाकला तरी ते सांगेल. तंजावुरात, वल्लम गावाकडच्या वाऱ्यात, एका टिनाच्या डब्यात सूर्य पेटलेला आहे आणि त्याच्यासमोर माझे अंगवस्त्र साक्षीला उभे आहे. मी चपला काढल्या. कीर्तना म्हणाली, "काका, इथे चपला घालाव्याच लागतात," म्हणून पुन्हा घातल्या.

दगडावर प्लॅटिनम: तीन दशांश नऊ मिलिग्रॅम. दोषी टोकात: सहा दशांश सहा. निर्दोष टोकात: शून्य. बेरीज साडेदहा. उरलेले अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडे जास्त कुठे गेले, असे मी विचारले. कीर्तनाने माझ्या बोटांकडे पाहिले आणि विचारले, "त्या दुपारी कशाने जेवलात?" मी म्हटले, हाताने. सांबारभात होता. तेव्हा ते तसे गेले. त्याने काही अपाय होत नाही म्हणे. पण एवढ्या किमतीचे जेवण आपल्या घराण्यात राजाच्या काळीही कोणी जेवले नसेल.

मी उठणार तेवढ्यात ती म्हणाली, "काका, थांबा, दगडाच्या पाण्यात आणखी एक रेघ दिसते आहे." पडद्यावर दुसरा एक धातू वर चढत होता. सोने. सात मिलिग्रॅम. मी म्हटले की शक्य नाही, दर वेळी मी दगड लख्ख पुसतो. ती म्हणाली, "तुमच्या डोळ्यांना लख्ख." अक्का, मी खुर्चीवर बसलो. अडतीस वर्षांत त्या दगडावर या गावातल्या किती बायकांचे सोने मी घासले असेल. मुलाच्या फीसाठी आणलेल्या बांगड्या, नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी आणलेली साखळी, तोंड फिरवून पदराआडून काढून दिलेली मंगळसूत्राची ताली. प्रत्येकीचा एक कण, दिसेल न दिसेल असा, दगडाच्या छिद्रांत बसून राहिला होता आणि मला पत्ता नव्हता. मी विचारले, कोणाचे किती हे यंत्राला कळते का? कीर्तना म्हणाली, नाही. मी मात्र पुष्कळ वेळ बसून एकेकीचे चेहरे आठवत होतो. राजलक्ष्मी माझ्या शेजारी बसून होती आणि तिने त्या वेळी माझे एकही वाक्य पुरे केले नाही.

भरद्वाज पुन्हा आला. त्याने सगळे कागद शांतपणे वाचले, दोन्ही टोकांचे आकडे वाचले, आणि मला नमस्कार करून म्हणाला की ज्या प्रयोगशाळेला माणसाच्या उपरण्यातले प्लॅटिनम सापडते तिथे पेट्या पाठवायला हरकत नाही. सही झाली. अहवालात "घट: ११.१ मि.ग्रॅ." याच्यापुढे कारणाच्या रकान्यात एकच शब्द आहे: "साक्षीदार". पाचशे पेट्या येतील. तेव्हा आपण सगळ्यांनी आनंद मानावा, हे वडील माणसांना कळवावे, म्हणून हा पत्रप्रपंच. तुझा आशीर्वाद राहू दे.

तुझा धाकटा,
राममूर्ती

ता. क. वडुमांगाच्या लोणच्याची बरणी रिकामी झाली असेल तर येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठव. राजलक्ष्मी दर सकाळी विचारते.

ता. क. दुसरा. वर "दुसऱ्या दिवशी" सांगितले असे लिहिले आहे, ते तसे वाचू नको. सहाव्या दिवशी सांगितले. आणि अंगवस्त्र धुवायचे राहिले ते सुदैवाने नव्हे. मी ते त्याच संध्याकाळी गुंडाळून ट्रंकेत बँकेच्या जुन्या डायऱ्यांखाली ठेवले होते. राजलक्ष्मी ते शोधत होती तेव्हा मी तिच्याबरोबर शोधत होतो. ते ट्रंकेत आहे हे तिला कळले ते त्या फोनवर. रोज सकाळी सांगायचे ठरवायचो आणि रोज कॉलेजच्या बसला हात दाखवून खाली घ्यायचो. चौथ्या दिवशी हरिताने राजीनामा टेबलावर ठेवला आणि ती घरी गेली. ती सुट्टीवर नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र यासाठीच आहे. हरिताची आई वर्षा. तुझ्या शाळेत शिकायला होती, तुझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. हरिता कीर्तनाचा फोन उचलत नाही, माझा तर उचलूच नये. पेट्या पुढच्या महिन्यात येतील, आणि कीर्तना म्हणते की हरिता नसेल तर त्या उघडायच्या नाहीत. मी स्वतः येणार आहे, अक्का, पुढच्या रविवारी सकाळच्या बसने. पण मी दारात उभा राहिलो तर त्या दोघी मला "या सार, बसा सार" म्हणतील, काप्पी देतील, आणि मी पुन्हा भलतेच बोलून परत येईन. तेव्हा माझ्याआधी तू जा. हे पत्र हरिताला वाचून दाखव. ती मराठी जाणत नाही, तू तमिळमध्ये सांग, पण काही गाळू नको, दुसरा ता. क. तर मुळीच नको. आणि ती दार उघडेल तेव्हा उंबऱ्यावरच एवढे सांग की तिचे वजन पहिल्यापासून बरोबर होते. बाकीचे बसल्यावर.